अंत्यविधीचा खर्च आणि मृत्यूनंतरची कागदपत्रे: काय मोफत मिळते, मदतीसाठी अर्ज कुठे करायचा

घरात माणूस गेला की पुढच्या चार-सहा तासांतले निर्णय घरची माणसे क्वचितच घेतात. शेजारी घेतात, पाहुणे घेतात, नाहीतर रुग्णालयाच्या दारात भेटलेला गाडीवाला घेतो. त्या वेळी दर विचारणे बरे दिसत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत दहनाचा मूळ खर्च महापालिका उचलते किंवा नाममात्र ठेवते. पैसे जातात ते गाडीला, ‘सगळं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्याच्या पॅकेजला आणि त्यानंतरच्या तेरा दिवसांना. दुसरीकडे, हक्काची मदत मिळू शकणारे कुटुंब एखाद्या कागदासाठी महिनोन्‌महिने अडून राहते. म्हणून पुढची माहिती जशी लागते त्याच क्रमाने दिली आहे.

सगळ्यात आधी डॉक्टरांचा दाखला

मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला हाती आल्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर नमुना ४अ. स्मशानभूमीतला कर्मचारी ‘चार नंबरचा फॉर्म आणला का?’ असे विचारतो तो हाच. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ नुसार शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हा दाखला कोणतेही शुल्क न घेता द्यायचा असतो. घरी येऊन तपासल्याची फी डॉक्टर घेऊ शकतात, दाखल्याचे पैसे मात्र नाहीत. कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाने या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. ती मागून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण मूळ कागद स्मशानभूमीत किंवा नोंदणी कार्यालयात जमा होतो.

घरी रात्री-अपरात्री मृत्यू झाला तर खरी अडचण होते. ज्या डॉक्टरांनी रुग्णाला कधी पाहिलेच नाही, ते दाखला द्यायला नकार देतात आणि त्यांचे चुकतही नाही. घरात वृद्ध किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर नेहमीच्या डॉक्टरांना अधूनमधून दाखवत राहा. उपचारांची फाइल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि आधार कार्ड एकाच पिशवीत ठेवा. कुणीच दाखला देत नसेल तर जवळचे सरकारी किंवा पालिकेचे रुग्णालय गाठावे लागते.

अपघात, पडून झालेली इजा, सर्पदंश, विजेचा धक्का, बुडणे, भाजणे, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांना कळवल्याशिवाय अंत्यविधी करू नका. पंचनामा होतो, शवविच्छेदन सरकारी रुग्णालयात होते, आणि त्यासाठी कुणाला पैसे द्यायचे नसतात. ‘देहाची चिरफाड नको’ म्हणून गावाकडे सर्पदंशाचे प्रकरण घाईने उरकले जाते. त्या घरच्यांची भावना समजते. पण त्या घाईत शेतकरी कुटुंबाचे दोन लाख रुपये जातात, ते कसे हे पुढे येईल.

रुग्णालयाचे बिल बाकी असेल तर

बिल भरले नाही म्हणून मृतदेह अडवून ठेवण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत १७ हक्क आहेत, आणि मृतदेह ताब्यात मिळणे हा त्यांतला एक आहे. थकबाकी वसूल करायचे कायदेशीर मार्ग रुग्णालयाकडे वेगळे असतात. अडवणूक झाली तर काउंटरवर वाद घालत बसू नका. वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या आणि त्या अर्जाची पोच मागा. तरीही दाद लागली नाही तर पालिकेचा आरोग्य विभाग किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे आणि स्थानिक पोलिस ठाण्यात तक्रार करता येते.

स्मशानभूमीत काय मोफत, काय विकत

मुंबई महापालिकेच्या स्मशानभूमीत दहनासाठी एका मृतदेहामागे ३०० किलो लाकूड मोफत मिळते. पारंपरिक चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लागते, त्यामुळे वरचे लाकूड विकत घ्यावे लागू शकते. विद्युत दाहिनी किंवा गॅसदाहिनी असेल तिथे हा प्रश्नच येत नाही. पावसाळ्यात तर दाहिनीच बरी. ओल्या लाकडाने चिता नीट पेटत नाही आणि घरच्यांना ते पाहणे असह्य होते. नागपूर आणि नाशिक महापालिकांनीही मोफत अंत्यसंस्काराच्या योजना चालवल्या आहेत. पुण्यात स्मशानभूमीत जाण्याआधी महापालिकेचा पास काढावा लागतो. तो कुठे मिळेल हे रुग्णालयातच विचारून घ्या.

कोल्हापूरचे उदाहरण मला सगळ्यांत मोलाचे वाटते. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका दहनासाठी पैसे घेत नाही, आणि ही सोय लोकांनी उचलून धरली आहे. होळीला शेणी, म्हणजे गोवऱ्या, जाळण्याऐवजी तालमी, मंडळे आणि गल्लीतली पोरे ट्रॉल्या भरून शेणी स्मशानभूमीला दान करतात. गरीब-श्रीमंत सगळ्यांना तीच चिता, तेवढ्याच शेणी. रक्षाविसर्जनाला आलेले लोक दानपेटीत जमेल तेवढे टाकतात. इतर शहरांतल्या मंडळांनी हे उचलण्यासारखे आहे.

तिरडीचे बांबू, कापड, मडके, हार, तूप हे सामान मात्र विकत आणावे लागते. मयताचे सामान विकणारी दुकाने बहुतेक मोठ्या स्मशानभूमींच्या आसपासच असतात. तिथे दोन माणसे पाठवून सुटे सामान आणले तर ते पॅकेजपेक्षा बरेच स्वस्त पडते. पॅकेजच घ्यायचे असेल तर गाडी, सामान, माणसे आणि गुरुजी यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. अंत्यविधी, दफन, दहन, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवांवर जीएसटी लागत नाही. कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्येच त्यांना वगळले आहे. बिलात या सेवांवर जीएसटी लावलेला दिसला तर तो काढायला सांगा.

दफनाची पद्धत असलेल्या मुस्लिम, ख्रिश्चन आणि लिंगायत कुटुंबांनाही डॉक्टरांचा दाखला, मृत व्यक्तीचे आणि माहिती देणाऱ्याचे आधार कार्ड आणि दफनभूमीची पावती हेच कागद लागतात. जागेचे नियम आणि शुल्क जमात, चर्च किंवा समाजाच्या ट्रस्टप्रमाणे बदलतात. अनेक ठिकाणी गरजू कुटुंबाचा खर्च हे ट्रस्ट स्वतः उचलतात, पण त्यासाठी विचारावे लागते.

गावी न्यायचे असेल तर

मुंबई-पुण्यातल्या मराठी कुटुंबांचा सर्वांत मोठा खर्च बहुधा इथे होतो. सातारा, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या गावापर्यंत गाडीचे जाण्या-येण्याचे भाडे, थंडपेटी, वर सोबतच्या माणसांसाठी दुसरी गाडी. रुग्णवाहिकांचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवून देते. पहिले अंतर किती, पुढे किलोमीटरमागे किती, थांबण्याचे किती हे सगळे त्या दरपत्रकात असते. आधी ते बघा आणि मग बोलणी करा. पालिकेची शववाहिका शहराच्या हद्दीत मोफत किंवा अगदी कमी पैशांत मिळते. मुंबईतली अनेक ग्रामस्थ मंडळे अशा वेळी गाडीची सोय करतात किंवा वर्गणीतून भार उचलतात; मंडळाच्या सेक्रेटरीचा नंबर घरात सगळ्यांकडे असू द्या.

इथे एक चूक हमखास होते. अंत्यविधी गावी झाला म्हणून लोक मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत मागायला जातात. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. मृत्यू मुंबईत झाला तर दाखला मुंबईच्या वॉर्ड कार्यालयातूनच मिळणार, दहन कुठेही होवो. गावाकडे निघण्याआधीच रुग्णालयाने नोंदणीची माहिती पाठवली का, ते विचारून घ्या.

मृत्यूची नोंद आणि दाखला

रुग्णालयातील मृत्यूची माहिती रुग्णालयाने कळवायची असते. घरी झालेल्या मृत्यूची माहिती देण्याची जबाबदारी कुटुंबावर येते. शहरात पालिकेच्या आरोग्य विभागाचे नोंदणी कार्यालय, गावात ग्रामपंचायत. सोबत डॉक्टरांचा दाखला, स्मशानभूमीची पावती, मृत व्यक्तीचे आणि माहिती देणाऱ्याचे आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा न्या.

२१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरावे लागते. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटून गेले तर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश आणावा लागतो, आणि २०२५ पासून राज्यात ही पडताळणी आणखी कडक झाली आहे. पहिल्या तीन आठवड्यांत एक फेरी मारली की हे सगळे टळते.

आता नावाबद्दल. स्मशानभूमीच्या खिडकीवर फॉर्म भरला जातो तेव्हा मुलगा किंवा मुलगी चितेजवळ असतात आणि पुतण्या नाव सांगतो. आधारवर ‘सुमन विठ्ठल’, पासबुकात ‘सुमनबाई विठ्ठलराव’, आणि पुतण्या सांगतो ‘काकूंचं नाव सुमन’. कारकून ऐकेल तसे लिहितो. पुढे बँक, विमा, सातबारा, पेन्शन, सगळीकडे हाच फरक आडवा येतो. नोंद दुरुस्त करता येते, पण त्यासाठी पुरावे आणि पुन्हा हेलपाटे. म्हणून एका माणसाला फक्त कागदांचे काम द्या. आधार कार्ड समोर ठेवून नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, पत्ता आणि मृत्यूची तारीख त्याने अक्षर न्‌ अक्षर वाचून मगच सही करावी. मृत्यूच्या दाखल्याच्या सात-आठ प्रती एकदमच काढून घ्या.

मदत: कोणाला, किती, कुठे

कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ‘ईएसआय’ कापला जात असलेला कामगार वारला तर अंत्यविधीचा प्रत्यक्ष खर्च, कमाल १५,००० रुपयांपर्यंत मिळतो. नोकरीला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून हा लाभ लागू आहे. कुटुंबातील हयात असलेली सर्वांत मोठी व्यक्ती दावा करते. कुटुंब नसेल किंवा कामगार कुटुंबासोबत राहत नसेल तर ज्याने खर्च केला तो. नमुना २२, मृत्यूचा दाखला आणि बँक खात्याचा तपशील घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जायचे. मुदत तीन महिन्यांची आहे. कारखान्यांतल्या आणि सुरक्षा एजन्सींतल्या अनेक कुटुंबांना हा हक्कच माहीत नसतो. पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात दिसते का, तेवढे बघा.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद असलेला ५० ते ६० वयाचा कामगार वारला तर वारसाला अंत्यविधीसाठी १०,००० रुपये मिळतात. मृत्यूच्या वेळी नोंदणी जिवंत असली पाहिजे, म्हणजे दरवर्षीचे नूतनीकरण झालेले हवे. अर्ज याच अटीवर सर्वांत जास्त अडकतात. नैसर्गिक मृत्यू आणि कामावरचा मृत्यू यांसाठी मंडळाची मोठी मदत वेगळी आहे, तिचाही अर्ज सोबतच करा. नोंदीत घरेलू कामगाराच्या वारसाला त्यांच्या मंडळाकडून २,००० रुपये मिळतात.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातला कमावता माणूस, स्त्री असो वा पुरुष, वयाची साठी गाठण्याआधी वारला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी योजनेच्या टेबलावर. मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, दारिद्र्यरेषेच्या यादीतील नोंद, रेशन कार्ड आणि वारसाचे पासबुक लागते.

आता शेतकऱ्यांचे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये आहेत. १० ते ७५ वयाचा वहितीधारक (सातबारावर नाव असलेला) शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य तिच्यात येतो. सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का, बुडणे हे सगळे अपघातच धरले जातात. नैसर्गिक मृत्यू आणि आत्महत्या यांना योजना लागू नाही. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. सातबारा, वारस नोंद, मृत्यूचा दाखला, पंचनामा, आणि शवविच्छेदन अहवाल किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला त्याला जोडावा लागतो. पंचनाम्याविना दहन उरकले असेल तर अपघात सिद्ध कशाने करणार?

दहावा-तेराव्याचा खर्च

या बाबतीत सांगणारे पुष्कळ असतात, पैसे देणारे एकटे कुटुंब असते. घाटावरचा विधी, वस्त्रदान, पाहुण्यांचे भाडे, तेराव्याचे जेवण मिळून दहनाच्या कितीतरी पट खर्च होतो आणि बऱ्याचदा तो व्याजाच्या पैशांतून होतो. कोणता विधी करायचा हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. पण जेवणावळ किती पानांची हे श्रद्धा ठरवत नाही, लोकलाज ठरवते. अनेक गावांनी तिसऱ्याच दिवशी सगळे आटोपायचे आणि जेवण घरच्यांपुरते ठेवायचे असे ठराव केले आहेत. रक्षा नदीऐवजी शेतात किंवा झाडाच्या मुळाशी टाकणारी कुटुंबेही आहेत. भावकीतल्या एका वडीलधाऱ्याने पहिल्याच दिवशी ‘आपण साधं करू’ असे मोठ्याने म्हटले की विधवेला किंवा मुलाला ते बोलावे लागत नाही. हे काम वडीलधाऱ्यांनी आपणहून अंगावर घ्यावे.

देहदानाची इच्छा असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाशी ताबडतोब बोला. शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्ग असलेला देह घेतला जात नाही. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावे लागते. डॉक्टरांचा दाखला आणि मृत्यूची नोंद दोन्ही वेळी लागतेच.

बँकेत जाताना

अंत्यविधीसाठी म्हणून गेलेल्या माणसाचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका. पुढे वारसांमध्ये आणि बँकेत त्यावरून तंटे होतात. संयुक्त खाते किंवा नामनिर्देशन असेल तर दाखला दिल्यावर रक्कम लवकर मिळते. पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदी बारकाईने पाहा. ४३६ रुपये वजा झाले असतील तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे आणि मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख मिळतात. नव्याने नाव घातले असेल तर पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघाती मृत्यूच धरला जातो. २० रुपये वजा झाले असतील तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूसाठी २ लाख. दोन्हींचा दावा ज्या बँकेत खाते आहे त्याच शाखेत, नामनिर्देशित व्यक्तीने करायचा असतो.