प्लेटोची सावली आणि दोरीवरचा साप

'प्लेटो म्हणजे ग्रीकांचे शंकराचार्य.' हे वाक्य मी व्याख्यानांत ऐकलंय, लेखांत वाचलंय, आणि आता तर ते फॉरवर्ड होऊन घरपोच येतं. पुढचं वाक्यही पाठ झालंय: 'जग दिसतं पण नसतं, गुहेतल्या सावल्या म्हणजेच माया.' ऐकायला झकास. पण त्यात प्लेटोही निसटतो आणि शंकराचार्यही.

शंकराचार्यांच्या अद्वैतातला रज्जुसर्प, म्हणजे दोरीवर भासलेला साप, मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. अंधारात साप दिसला, दिवा आणला, साप गेला. गेला म्हणजे सरपटत कुठे गेला नाही, तो तिथे नव्हताच. ज्ञान झालं की भ्रमाचा बाध होतो, म्हणजे तो खोटा ठरून नाहीसा होतो. (व्यवहारापुरतं जग खरंच, हे शंकराचार्यांनाही मान्य आहे. फॉरवर्डवाल्यांना तिथवर जायचं नसतं.)

आता गुहा. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या संवादात, सातव्या भागाच्या सुरुवातीला ती येते. आत जखडलेल्या कैद्यांना मान वळवता येत नाही. पाठीमागे आग आहे, मध्ये बुटकी भिंत, आणि त्या भिंतीआडून माणसं लाकडाच्या-दगडाच्या मूर्ती वर धरून नेतायत. समोर सावल्या. बहुतेक जण इथेच थांबतात आणि 'बघा, माया!' म्हणून मोकळे होतात.

अहो, पण सावली कशाची तरी असते. मूर्ती प्राण्याची असेल तर सावलीत त्याच प्राण्याचा आकार उतरतो. ती सपाट आहे, काळी आहे, हलत्या आगीबरोबर लांबते-आखडते, सगळं कबूल. तरी तिच्यात मूळ वस्तूचं काहीतरी येतं. दोरी सापासारखी दिसते म्हणून फसगत होते हे खरं, पण साप हे काही दोरीचं चित्र नव्हे. प्लेटोच्या जगातल्या वस्तू मात्र मूळ रूपांची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पण कधी न बदलणाऱ्या नमुन्यांची, चित्रंच आहेत. कच्ची, पण चित्रं.

म्हणून त्याच्याकडे दिसणाऱ्यावरून असणाऱ्याकडे जायला वाट आहे. 'फीडो' या त्याच्या संवादात सॉक्रेटिस दोन सारख्या काठ्यांचं उदाहरण घेतो. त्या शंभर टक्के सारख्या कधीच नसतात, पण त्यांच्याकडे पाहूनच आपल्याला 'सारखेपणा' आठवतो. 'सिंपोझियम' या दुसऱ्या संवादात एका सुंदर देहापासून सुरुवात करून पायरीपायरीने सौंदर्यापर्यंत चढायचं असतं. एकीकडे साप, दुसरीकडे शिडी. खेळ एकच वाटतो म्हणून घरं एक होत नाहीत.

आणि गुहेबाहेर गेलेला परत येतो, हा भाग तर कुणी सांगतच नाही. प्लेटो म्हणतो, त्याला काळोखाची सवय झाली की आतल्यांपेक्षा दहा हजार पटींनी चांगलं दिसेल, आणि प्रत्येक सावली कशाची आहे ते कळेल. सावल्या नाहीशा होत नाहीत, ओळखू येतात. बाध आणि ओळख यांतला हा फरक ज्याला कळला, त्याने बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.

बारीक तपशील हवा असेल तर 'रिपब्लिक'चा पाचवा भाग काढा. तिथे दिसणाऱ्या वस्तू 'असणं' आणि 'नसणं' या दोन्हींत सहभागी आहेत: जी सुंदर दिसते तीच कुरूपही दिसते. शंकराचार्यांच्या परंपरेतले अद्वैती मात्र मिथ्या वस्तूला सत् आणि असत् या दोहोंहून वेगळी, अनिर्वचनीय म्हणतात. एकाचं 'दोन्ही', दुसऱ्याचं 'दोन्ही नाही'.

घोळाचं मूळ मला भाषांतरात दिसतं. ग्रीक क्रियापद आहे 'फाइनेताइ', म्हणजे दिसणं. त्याच्या एका रचनेत अर्थ होतो 'तसं वाटतं, असेलच असं नाही', आणि दुसऱ्या रचनेत 'तसं आहे हे उघड आहे'. हे मराठी माणसाला तरी अवघड जाऊ नये. 'तो आजारी दिसतो' म्हटलं तर कदाचित नुसता जागरणाने सुकला असेल. 'तो आजारी असल्याचं दिसून आलं' म्हटलं तर रिपोर्ट हातात आहे. क्रियापद तेच. या शब्दाला डोळे मिटून 'आभास' लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ॲरिस्टॉटल अनेकदा चर्चेची सुरुवातच 'फाइनोमेना' मांडून करतो, म्हणजे जे दिसतं आणि लोक जे मानतात ते. तिथे 'आभास' लिहिलं की तो माणूस भ्रमांची यादी करतोय असं वाटतं! सूर्य फूटभर दिसतो आणि तो पृथ्वीहून मोठा आहे हे आपण जाणतो, असं तोच लिहितो. कळल्यानंतरही सूर्य फूटभरच दिसतो, आणि त्यामुळे ॲरिस्टॉटलचं काही अडत नाही.

अणुवादी ग्रीक डेमोक्रिटसबद्दल दोन ओळी पुरेत. गोड-कडू ही रूढी, खरे फक्त अणू आणि पोकळी, असं तो म्हणतो. पण त्यानेच इंद्रियांच्या तोंडी बुद्धीला सुनावणारं उत्तर घातलंय: आमच्याकडूनच पुरावे घेतेस आणि आम्हालाच पाडतेस?

ग्रीकांत माया शोधायचीच असेल, तर प्लेटोला सोडा आणि त्याच्या आधीच्या पार्मेनिडीज या तत्त्वज्ञाचं दार ठोठवा. त्याच्या कवितेत देवी सांगते की जे आहे ते जन्मत नाही, मरत नाही, हलत नाही. माणसांच्या समजुतींत खरा भरवसा नाही. हे मात्र बरंच ओळखीचं वाटेल. फक्त पुढे तीच देवी 'आता माझ्या शब्दांची फसवी रचना ऐक' असं बजावून त्या समजुतींचं जग मांडते, आणि चंद्राचा उजेड उसना आहे, तो सतत सूर्याच्या किरणांकडे पाहत असतो, हे त्याच फसव्या भागात येतं.