चढ दमवतो, उतार आंबवतो

रविवारी सकाळी जंगलातल्या पायवाटेने डोंगरावर गेलो आणि दुपारी खाली आलो. जाऊन-येऊन ८ किलोमीटर, चढ ५०० मीटरचा. चढताना धाप लागत होती, दर वळणाला एखाद्या झाडाला टेकावं लागत होतं. उतरताना मात्र गप्पा मारत, जवळजवळ पळतच आलो. सोमवारी थोडं जड वाटलं, एवढंच. मंगळवारी जिना उतरायला गेलो आणि पहिल्याच पायरीवर कठडा घट्ट धरावा लागला. गंमत म्हणजे जिना चढताना फारसं दुखत नव्हतं!

‘पाय आंबले’ म्हणतो आपण, आणि बरीच वर्षं विज्ञानाचंही जवळजवळ तेच म्हणणं होतं: स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, म्हणून दुखतं. पण चाल थांबल्यावर तासा-दीड तासात रक्तातलं लॅक्टेट (म्हणजे त्या आम्लाचंच रक्तातलं रूप) पूर्ववत होतं. मंगळवारपर्यंत टिकायला ते असतंच कुठे? १९८३ मध्ये हे तपासलंही गेलं. सपाटीवर पळालेल्यांच्या रक्तात लॅक्टेट वाढलं, पण नंतर पाय फारसे दुखले नाहीत. उतारावर पळालेल्यांचं लॅक्टेट वाढलं नाही, पण पुढचे दोन दिवस त्यांचे पाय दुखत होते. शब्द छान आहे, वापरत राहू. आम्लाचा मात्र दोष नाही.

मग दोष कुणाचा? थोडा हिशोब करू. ७० किलोचा माणूस ५०० मीटर वर न्यायचा, तर निव्वळ वजन उचलण्याचं काम साधारण ८२ किलोकॅलरीचं. स्नायू मिळालेल्या ऊर्जेतला जेमतेम चौथा हिस्सा कामी लावतात, म्हणून प्रत्यक्षात खर्च होतात सव्वातीनशेच्या आसपास. उरलेल्याची उष्णता होते. दाट सावली आहे, वरची हवा पायथ्यापेक्षा ३ अंशांनी थंड आहे, तरी शर्ट पाठीला चिकटतो तो यामुळे.

उतरताना त्याच ८२ किलोकॅलरी परत मिळतात, पण त्यांचं करायचं काय? गाडी असती तर ब्रेक तापले असते. आपले ब्रेक म्हणजे मांडीचे पुढचे स्नायू.

वाटेत आडवं आलेलं जाडजूड मूळ घ्या. त्यावरून तुम्ही खालच्या ओल्या पालापाचोळ्यावर पाय टाकता. टाच टेकते, गुडघा वाकू लागतो आणि सगळं वजन त्या एका पायावर येतं. मांडीचा स्नायू त्याला धरून ठेवायला जोर लावतो, पण गुडघा वाकत असल्यामुळे आखडण्याऐवजी लांबत जातो. दोर हातातून हळूहळू सोडत ओझं खाली उतरवावं, तसं. शरीरशास्त्रात याला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. नाव जरा फसवंच, कारण आकुंचन म्हणायचं आणि स्नायू लांबतोय!

अशा लांबत जाणाऱ्या स्नायूची ताकद दांडगी असते आणि खर्च किरकोळ. १९५२ मध्ये ॲबट, ब्रेंडा बिग्लंड आणि मर्डोक रिची या तिघा शरीरशास्त्रज्ञांनी दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने ते पायाने रोखायचं. जोर दोघांचा सारखाच, पण रोखणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. प्रात्यक्षिकात रिची पेडल मारत होते आणि त्यांच्यापेक्षा लहान चणीच्या बिग्लंड ते रोखत होत्या. दमले ते रिची.

पण ही स्वस्ताई फुकटची नाही. रोखण्याच्या कामाला स्नायूचे थोडेच तंतू जुंपले जातात, म्हणून प्राणवायू कमी लागतो. आणि तंतू थोडे असल्यामुळेच प्रत्येकावर ताण जास्त येतो. तंतूंतले अतिसूक्ष्म दुवे जागोजागी अति ताणले जातात, काही विस्कटतात. मग डागडुजी सुरू होते: किंचित सूज येते आणि आसपासच्या वेदनातंतूंची संवेदना वाढते. याला वेळ लागतो, म्हणून दुखणं २४ ते ७२ तासांत कळसाला पोचतं. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हॉ यांनी असं उशिरा उमटणारं दुखणं स्नायूंच्या आतल्या इजेमुळे होत असावं, असं १९०२ मध्येच लिहिलं होतं. नंतर आम्लाची गोष्ट लोकप्रिय झाली, कारण ती सांगायला सोपी होती.

उताराकडे दुर्लक्ष करण्याची खोड तशी जुनी आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी डोंगरचालीला किती वेळ लागेल याचा १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. उतरण्याचा त्यात उल्लेखच नाही.

उतारावर पावलं आखूड टाकली की गुडघा कमी वाकतो आणि प्रत्येक पावलाचा धक्का लहान होतो. काठ्यांनी वजनाचा थोडा भार हातांवर जातो. नागमोडी वाट सोडून सरळ खाली घुसणाऱ्या ‘शॉर्टकट’चा मोह टाळलेला बरा, घसाऱ्यावर पाय सरकतो तेव्हा मांड्यांना एकदम करकचून ब्रेक लावावा लागतो.

खरा बचाव मात्र त्या दुखण्यातच असतो. एकदा असा मार खाल्लेला स्नायू डागडुजीनंतर पुढचे काही आठवडे तसल्याच कामाला बराच सरावलेला राहतो. तीन आठवड्यांनी मी त्याच वाटेने गेलो, तसाच पळत उतरलो. मंगळवारी जिन्याच्या कठड्याला हातही लावला नाही.