अडीच पैशांचं मत, साडेबारा हजारांचं मत

२३ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी नवी मुंबईत, आमच्या नेरूळच्या बिल्डिंगखाली एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी होता: ३७७. आमच्या बेलापूर विधानसभा मतदारसंघात पहिल्या दोन्ही उमेदवारांना ९१ हजारांच्या पुढे मतं पडली आणि निकाल लागला तो ३७७ मतांच्या फरकानं. एवढी माणसं तर आमच्याच सोसायटीत असतील, असं जो तो म्हणत होता.

शेजारचे काका मात्र शांत होते. तुर्भ्याच्या मसाला मार्केटात तीस वर्षं दिवाणजी म्हणून काम केलेला माणूस. बेरीज चुकलेली त्यांना खपत नाही. मला म्हणाले, "अगं, तू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतेस ना? मग सांग. मी मत दिलं असतं तर ३७७ चे ३७८ झाले असते, नाहीतर ३७६. आमदार बदलला असता का?"

नसता बदलला. काकांचं बरोबर होतं, आणि "एकेक मत मोलाचं" असं म्हणून त्यांना गप्प करणं मला पटलं नाही. प्रश्न खरा आहे आणि तो जुनाही आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये तो नीट मांडला. मतदानाला जायचं तर वेळ जातो, उन्हात उभं राहावं लागतं, कधी रोजगार बुडतो. उलट माझ्या एका मतानं निकाल फिरण्याची शक्यता नगण्य. मग फक्त स्वतःचा नफा-तोटा पाहणाऱ्या माणसानं घरीच बसायला हवं. तरीही कोट्यवधी लोक रांगा लावतात. याला मतदानाचा विरोधाभास म्हणतात.

नगण्य म्हणजे किती, हे मोजता येतं. त्या रात्री काकांच्या जेवणाच्या टेबलावर, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही ते मोजलं.

समजा दोनच उमेदवार आहेत आणि दोन लाख मतं पडणार आहेत. माझं मत निर्णायक ठरायचं तर बाकीची मतं बरोबर निम्मी-निम्मी वाटली जायला हवीत. प्रत्येक मतदार नाणं उडवून मत देतो असं मानलं, तर अशी बरोबरी होण्याची शक्यता साधारण साडेपाचशेत एक येते. ऐकायला बरीच वाटते. पण तेच नाणं किंचित कललेलं असलं, ५१ विरुद्ध ४९ असं, तर शक्यता इतकी घसरते की दशांश चिन्हापुढे वीस शून्यं मांडावी लागतात आणि मग कुठे पहिला आकडा येतो. एका टक्क्याच्या कलानं सगळा हिशेब कोसळतो.

मतदान निरर्थक आहे असं सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. मला वाटतं, चूक इथेच होते. नाणं किती कललंय हे आपल्याला आधी ठाऊक कुठे असतं? निवडणुकीआधी आपण फार तर एवढंच म्हणू शकतो की एका उमेदवाराला ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये कितीही मतं मिळतील. म्हणजे ९० हजारांपासून १ लाख १० हजारांपर्यंत कोणताही आकडा. शक्यता झाल्या वीस हजार. त्यातली एक बरोबरीची. म्हणून चुरशीच्या लढतीत माझं मत निर्णायक ठरण्याची शक्यता साधारण वीस हजारांत एक. काकांनी हा भागाकार दोनदा करून पाहिला.

आता हे अज्ञान किती खरं असतं ते आमच्याच गावात पाहा. मे २०२४ मध्ये लोकसभेसाठी मतदान झालं, आणि ठाणे मतदारसंघात निकाल लागला २ लाख १७ हजार ११ मतांच्या फरकानं. बेलापूर विधानसभा क्षेत्र त्याच ठाणे मतदारसंघाचा एक भाग. सहा महिन्यांनी त्याच शाळांमध्ये, त्याच वर्गखोल्यांत, बहुतेक त्याच मतदारांनी पुन्हा बटणं दाबली आणि फरक आला ३७७. मे महिन्याचा आकडा पाहून नोव्हेंबरमध्ये "इथे काय, ठरलेलंच आहे" म्हणत घरी बसलेल्या माणसाचा अंदाज साफ चुकला. लोकसभेलाही हे सगळीकडे सारखं नव्हतं. ठाण्याचं मतदान झालं त्याच दिवशी, २० मे रोजी, मुंबई वायव्य मतदारसंघातही मतदान झालं. तिथे फरक होता अवघ्या ४८ मतांचा.

आणि एका मतानं निकाल लागल्याची उदाहरणं आपल्या देशात आहेत. २००४ मध्ये कर्नाटकातल्या सांतेमरहळ्ळीत आणि २००८ मध्ये राजस्थानातल्या नाथद्वाऱ्यात विधानसभेचा उमेदवार एका मतानं पडला. बरोबरी झालीच तर आपल्या कायद्यानुसार चिठ्ठी टाकतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागाचा निकाल असाच चिठ्ठीवर लागला.

तरीही काकांनी पेन खाली ठेवलं नाही. "वीस हजारांत एक. ठीक. पण मिळणार काय मला?"

खरी मेख इथे आहे. समजा दोन उमेदवारांपैकी एक खरोखर चांगला आहे आणि त्याच्या कामामुळे मतदारसंघातल्या प्रत्येक माणसाचा वर्षाला फक्त शंभर रुपयांचा फायदा होतो. पाणी वेळेवर आलं, रस्ता खणून तसाच राहिला नाही, एखादी फेरी वाचली, एवढ्यातच शंभर रुपये होतात. पाच वर्षांचे पाचशे. त्यांना वीस हजारांनी भागा. काकांच्या स्वतःच्या वाट्याला आले अडीच पैसे. अडीच पैशांसाठी कुणी रांगेत उभं राहणार नाही, हे डाउन्स यांचं म्हणणं अगदी बरोबर.

पण आमदार एकट्या काकांचा नसतो. मतदारसंघात पाच लाख लोक राहतात असं धरू. पाचशे गुणिले पाच लाख म्हणजे २५ कोटी. भागिले वीस हजार. साडेबारा हजार रुपये. काकांच्या एका मताची, इतरांसाठीची, सरासरी किंमत.

हा विचार माझा नाही. अ‍ॅरन एडलिन, अँड्र्यू गेलमन आणि नोआ कॅपलन यांनी २००७ मध्ये तो गणितानं मांडला. त्यातली सुंदर गोष्ट अशी की मतदारसंघ मोठा झाला तरी हिशेब बिघडत नाही. लोक दुप्पट झाले की एका मतानं निकाल फिरण्याची शक्यता निम्मी होते, पण त्या निकालाची झळ किंवा लाभ पोचणारी माणसंही दुप्पट होतात. दोन्ही एकमेकांना खोडतात. याच गेलमन यांनी सहकाऱ्यांसह काढलेल्या अंदाजानुसार २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत एका मतदाराचं मत निर्णायक ठरण्याची सरासरी शक्यता सुमारे ६ कोटींत एक होती. तिथे लोकही तितकेच जास्त. अर्थात लढत आधीच एकतर्फी असली तर शक्यता फारच घटते आणि मग हा हिशेब लंगडा पडतो, हेही मी काकांना सांगितलं. पण एकतर्फी आहे हे आधी नक्की कुणाला कळतं?

थोडक्यात, स्वतःपुरता विचार केला तर मत अडीच पैशांचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा केला तर साडेबारा हजारांचं. मत द्यायचं का, या प्रश्नाचं उत्तर आपण कुणाला हिशेबात धरतो यावर अवलंबून आहे, हे मला या सगळ्या गणितातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

काकू इतका वेळ भाजी निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आणि चुकीच्या माणसाला दिलं तर?"

मी वर्गात शिकवते, पण इतका नेमका प्रश्न क्वचित येतो. चुकीच्या माणसाला दिलं तर तेच साडेबारा हजार उणे होतात. मग आपली निवड बरोबर असण्याची खात्री किती, हा प्रश्न येतो. मला फक्त ६० टक्के खात्री असेल तर अपेक्षित फायदा साडेबारा हजारांचा साठ टक्के भाग वजा चाळीस टक्के भाग, म्हणजे अडीच हजार. खात्री ८० टक्के असेल तर साडेसात हजार. निम्मी-निम्मी असेल तर शून्य. म्हणजे माहिती काढण्यात एक संध्याकाळ घालवून मी साठावरून ऐंशीवर गेले, तर त्या संध्याकाळची किंमत पाच हजार रुपये. रांगेत उभं राहण्याइतकंच, किंबहुना जास्त महत्त्वाचं काम आदल्या आठवड्यात घरी बसून करायचं असतं.

आणि ते आपोआप होत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी उमेदवारांचे चेहरे क्षणभर दाखवले आणि यातला कोण कर्तबगार वाटतो एवढंच विचारलं. अमेरिकी सिनेटच्या सुमारे ७० टक्के लढतींमध्ये जास्त कर्तबगार वाटलेला चेहराच जिंकलेला होता. सायन-पनवेल महामार्गावरच्या फलकांवरून आपल्याकडे बघणारे चेहरे मला त्यानंतर वेगळेच दिसू लागले.

माहिती दिली तर फरक पडतो का? २००८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीआधी अभिजित बॅनर्जी, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही झोपडपट्ट्यांमध्ये घरोघर वर्तमानपत्र पोचवलं. त्यात तिथल्या आमदाराच्या कामाचं प्रगतिपुस्तक आणि प्रमुख उमेदवारांची माहिती होती. तिथे मतदान सुमारे दोन टक्क्यांनी वाढलं आणि मतांसाठी रोख पैसे वाटण्याचं प्रमाण घटलं. पण २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अशा प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र पाहिले गेले तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. दाराखालून सरकवलेला कागद पुरत नाही. माहिती आपल्या प्रश्नाला धरून असावी लागते आणि ती आपणच शोधावी लागते, असा मी त्याचा अर्थ लावते.

त्याच रात्री आम्ही काकांच्या फोनवर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून एका उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र उघडलं. नमुना २६. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हे मतदाराच्या हाती आलं. पाच वर्षांचं उत्पन्न, जंगम आणि स्थावर मालमत्ता, देणी, सरकारी थकबाकी, प्रलंबित गुन्हे आणि त्यांची कलमं. काकांनी चष्मा पुसला आणि खतावणी तपासावी तसं बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. उत्पन्न आणि मालमत्तेचे दोन रकाने शेजारी ठेवून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे सगळं असंच मिळतं? फुकट?"

कुणाला काय विचारायचं हेही ठरवावं लागतं. हार्बर लाइनच्या गाड्यांचा प्रश्न खासदाराचा, कारण रेल्वे केंद्राची. सिडकोच्या जमिनी आणि जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा प्रश्न आमदाराचा, कारण सिडको राज्य सरकारचं महामंडळ. मोरबे धरण आपल्या महापालिकेचं, तेव्हा नळाला पाणी का नाही हे नगरसेवकाला विचारायचं. चुकीच्या निवडणुकीत चुकीच्या कामाचा राग काढला की आपलं मत नेम चुकलेल्या दगडासारखं जातं.

तिसऱ्या उमेदवाराचं काय, असं काकूंनी विचारलं. सर्वांत जास्त मतं पडतील तो विजयी, या आपल्या पद्धतीत लढत हळूहळू दोघांवर येते, असं फ्रेंच अभ्यासक मॉरिस दुव्हर्जे यांनी सांगितलं. तिसऱ्याला मत वाया जाईल या भीतीनं लोक पहिल्या दोघांतला बरा निवडतात. बेलापूरमध्ये तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची मतं ३७७ च्या कितीतरी पट होती. ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. आज मागे असलेला उमेदवार पुढच्या वेळी कुणी गंभीरपणे घ्यावा की नाही, हे त्याच मतांवरून ठरतं. पण पहिल्या दोघांतला एखादा मनापासून नको असेल, तर तिसऱ्याला मत देताना तो धोका आपण पत्करतोय, हे माहीत असावं.

नोटाबद्दल, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ या पर्यायाबद्दल, गैरसमज फार आहेत. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ते बटण आलं. लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी त्याखालचा उमेदवार विजयी होतो. मुंबई वायव्यमध्ये ४८ मतांनी निकाल लागला तिथे नोटाची मतं १५ हजारांहून जास्त होती. नाराजी नोंदवायला नोटा ठीक आहे, निकाल फिरवायला नाही.

रात्रीचे अकरा वाजले तेव्हा काका जे बोलले ते खरं तर त्यांनी पहिल्यांदा सांगायला हवं होतं. त्यांचं नाव इथल्या यादीत नव्हतंच. पाटण तालुक्यातल्या गावच्या यादीत होतं. मे महिन्यात साताऱ्याचं मतदान ७ तारखेला होतं, नोव्हेंबरमध्ये २० ला. दोन्ही वेळा रात्रभर बसचा प्रवास, दोन दिवस मोडणार, गुडघे दुखणार. डाउन्स यांच्या सूत्रात खर्चाची जी बाजू आहे ती त्यांच्यासाठी इतकी जड होती, आणि एका मतानं काय होणार हा प्रश्न तिथून आला होता. नवी मुंबईत अशी घरं किती असतील! बाजारपेठेमुळे घाटावरून आलेली, इथे चाळीस वर्षं राहिलेली, पाणी इथलं पिणारी आणि मत मात्र गावाला असलेली. काहींची नावं दोन्हीकडे असतात, ते तर कायद्यानं चालतच नाही. जिथे नेहमीचं राहणं तिथेच नाव, असा नियम आहे.

मिशिगन राज्यात २००६ साली एक मोठा प्रयोग झाला. तुमच्या गल्लीत कुणी मत दिलं आणि कुणी नाही हे शेजाऱ्यांना कळवू, असं पत्र काही घरांना गेलं. तिथे मतदान सुमारे ३० टक्क्यांवरून ३८ वर गेलं. असा धाक मला आवडत नाही. पण शेजार माणसाला हलवतो, हे त्यातून दिसतं. आमच्याकडे पत्राची गरज पडली नाही. काकू उठल्या, कपाटातून लाइट बिलांची फाइल काढली आणि काकांसमोर ठेवली.

पत्ता बदलायला नमुना ८ भरतात. काकांनी जुन्या ओळखपत्राचा क्रमांक एकेक अंक मोठ्यानं म्हणत टाकला, मी बिलाचा फोटो चढवला. काही दिवसांनी बीएलओ ताई, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकारी, दारात आल्या. यादीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "काका, किती वर्षं राहता इथे?"

"सदतीस," काका म्हणाले, आणि त्यांना बसायला खुर्ची पुढे केली.