गावात किती जन्मले किती गेले: नोंदीमागची गोष्ट

आत्ता मराठा-कुणबी नोंदींच्या निमित्तानं कोतवाल बुक हा शब्द सगळ्यांना पाठ झालाय, पण ते मुळात जातीसाठी नव्हतंच, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर. इंग्रजांच्या काळात गावकामगारांनी कानावर आलं ते लिहायचं, डॉक्टर कुठला असणार, त्यामुळे मरणाचं कारण बघाल तर ताप, ताप आणि परत ताप. १९६९ ला जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आला, नोंद सक्तीची झाली, खेड्यात हे काम ग्रामसेवकाकडे. कागदावर प्रश्न मिटला.

पण मिटला नाही, कारण सगळ्यात लहान मरणंच वहीत येत नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, बाळ जन्मलं एका गावात, गेलं दुसऱ्या गावात, आणि बारशाच्या आधीच गेलं तर नावच नाही मग नोंद कसली. काही ठिकाणी तर जन्मून दोन तासांनी गेलेलं बाळ सरळ "मेलेलंच जन्मलं" म्हणून सांगतात, झालं, बालमृत्यूचा आकडा तिथंच कमी.

याचा छडा नीट लावला तो गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ ला तिथं सर्च ही संस्था सुरू केली, जिल्हा स्वतःच जेमतेम चार वर्षांचा होता (१९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झालेला). उपचार तर केलेच, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती मोजायची पद्धत. गावातला माणूस जन्म-मृत्यू लिहीत राहायचा आणि शिवाय दर सहा महिन्यांनी घरोघर वेगळा सर्व्हे, म्हणजे एकाकडून सुटलं तर दुसऱ्याला सापडणार. हा काही नवा शोध नाही, केंद्राची नमुना नोंदणी पद्धत, जिला सगळे एसआरएस म्हणतात, ती पण १९६९-७० पासून अशीच दुहेरी चालते. फक्त एसआरएसचा सॅम्पल एवढा छोटा की राज्याचा आकडा मिळतो, जिल्ह्याचा नाही, तालुक्याचं तर सोडाच.

असं मोजल्यावर गडचिरोलीतल्या त्या गावांत अर्भक मृत्युदर, म्हणजे जन्मलेल्या हजार बाळांपैकी वर्षाच्या आत किती गेली तो आकडा, निघाला १२१. मग ३९ गावांत आरोग्यदूत बायकांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची आणि ४७ गावं तुलनेला, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर (पहिल्या २८ दिवसांतली मरणं) ६२ टक्क्यांनी कमी, हे १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २००१ च्या "कोवळी पानगळ" अहवालात तर राज्यातल्या अनेक भागांत सरकारी आकड्यापेक्षा खूपच जास्त मुलं दगावतात हे दाखवलं, त्यावरून बराच गदारोळ झाला. २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या, त्याचं मूळ इथलंच, जन्मानंतर ४२ दिवस ठरलेल्या दिवशी जायचं.

आता गंमत अशी की चांगली नोंद करायला लागलं की आधी आकडा वाढलेलाच दिसतो, आणि मीटिंगमध्ये बोलणी खाते ती नीट लिहिणारी. न लिहिणारीचं गाव निरोगी!

२०२० ला राज्याचा अर्भक मृत्युदर हजारी १६ होता (एसआरएस), सुधारणा खरीच आहे, दवाखान्यात बाळंतपणं वाढल्यामुळे जन्माची नोंद तर आता बहुतेक होतेच. शिवाय कायद्यातल्या दुरुस्तीनं ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट अशा ठिकाणी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा, त्यामुळे लोक स्वतःहून रांग लावतात. चार दिवसांच्या बाळाच्या मृत्यूचा दाखला मात्र कुणालाच कशाला लागत नाही, आणि गळती अजून तिथंच आहे.