छातीभर पाण्यात चालताना

वैशाखात खाऱ्या पाण्यात न्हालं की सांधे मोकळे होतात, असं गोव्यात जुनी माणसं सांगतात. आतल्या तालुक्यांतली कुटुंबं त्यासाठी मे महिन्यात खास किनाऱ्यावर येत. श्रेय मिठाला मिळतं. माझ्या मते त्यातलं बरंचसं श्रेय पाण्याच्या खोलीचं आहे.

कमरेइतक्या पाण्यात पायांवर वजनाचा साधारण निम्मा भार उरतो, छातीइतक्या पाण्यात जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे ६० किलोच्या बाईचे गुडघे वीसेक किलोच पेलतात. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून अडीच-तीन टक्केच जड असतं, त्यामुळे या तरंगण्यात मिठाचा हातभार थोडाच.

भार घटला तरी मेहनत घटत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं आणि वेग दुप्पट केला की त्याचा विरोध चौपट होतो. रस्त्यावरच्या निम्म्या वेगानेही स्नायू चांगलेच राबतात.

खरी गंमत हृदयाची. छातीभर पाण्यात घोट्यांवर जवळपास ९० मिलिमीटर पाऱ्याइतका जास्तीचा दाब येतो. पायांच्या शिरांत साचलेलं रक्त त्याने वर छातीकडे ढकललं जातं. हृदय अधिक भरतं, ताणलं जातं आणि दर ठोक्याला जास्त रक्त फेकतं. म्हणून नुसतं उभं राहिलं तरी नाडी थोडी मंदावते. चालतानाही मनगटी घड्याळातला नाडीचा आकडा श्रम कमी दाखवू शकतो, तेव्हा दम किती लागतोय ते पाहावं. हृदयाच्या ताणलेल्या कप्प्यांतून एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडांना मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतं. पाण्यात लघवीची घाई होते ती यामुळेही. त्यात घामही येतो, फक्त तो कळत नाही. बाहेर आल्यावर पाणी पिणं विसरू नये.

हृदय कमजोर असलेल्यांना मात्र हेच वाढीव रक्त जड जाऊ शकतं. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय छातीभर पाण्यात जाऊच नये. हाडं ठिसूळ असतील तर जमिनीवरचं चालणंही सोडू नये, कारण हाडांना भार लागतो.

पावसाळ्यात दर्यात पाऊल नको. तेव्हा पणजीतल्या कांपालसारख्या पोहण्याच्या तलावाची उथळ बाजू बरी. बाहेर पडताना सावकाश पडावं. पाण्याचा दाब सुटताच रक्त पुन्हा पायांत उतरतं आणि भोवळ येऊ शकते, म्हणून काठावर दोन मिनिटं बसून मग उठावं.