रेफरर की पिंगबॅक? लिंक कोणी दिली ते नक्की कशात कळतं

आपल्या पोस्टला कोणी लिंक दिली ते आपोआप कळावं, पोस्टखाली दिसावंही, असं वाटलं की रेफरर आणि पिंगबॅक या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते, कारण दोन्हीकडे दुसऱ्याच्या साइटचा पत्ताच दिसतो.

समजा तुम्ही ठाण्याच्या तलावपाळीवर लिहिलंत आणि नेरूळच्या कोणीतरी फ्लेमिंगोंवरच्या लेखात त्याची लिंक टाकली. त्या लिंकवर कोणी क्लिकच केलं नाही तर रेफररमध्ये काही येणार नाही. क्लिक झालं की वाचकाचा ब्राउझर तुमच्या सर्व्हरला सांगतो, मी अमुक पानावरून आलोय, बस एवढंच. सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टरच म्हणा ना, 'कुठून आलात'च्या रकान्यात येणारा लिहील ते खरं, वॉचमन काही तपासायला जात नाही. त्यामुळे बॉट, म्हणजे आपोआप साइटी फिरणारा प्रोग्राम, खोटा पत्ता टाकून निघून जातो, आणि तुम्ही ती यादी पोस्टखाली आपोआप दाखवत असाल तर त्याची फुकटात जाहिरात. त्यात २०२० मध्ये क्रोम ८५ पासून दुसऱ्या साइटवर जाताना डिफॉल्टला फक्त डोमेन जातं, म्हणजे नेरूळवाल्याकडून कोणी आलं एवढं कळणार, कुठल्या लेखातून ते शोधत बसा.

पिंगबॅक २००२ सालचा, त्यात वाचकाचा संबंधच नाही. नेरूळवाल्याने पब्लिश दाबलं की त्याची साइट लेखातल्या लिंका चाळते, तुमच्याकडे पिंगबॅक चालू आहे का बघते आणि दोन पत्ते पाठवते, माझं पान हे, तुझं पान ते. मग तुमचा सर्व्हर स्वतः त्याच्या पानावर जाऊन लिंक खरंच आहे का बघतो, असली तरच नोंद, वर्डप्रेसमध्ये, म्हणजे ब्लॉग चालवायच्या त्या लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये, ती कमेंटांतच येऊन पडते.

पण हे जाऊन बघणंच २०१४ मध्ये नडलं. हल्लेखोरांनी १,६२,००० हून जास्त वर्डप्रेस साइटींना खोटे पिंगबॅक पाठवून सगळ्यांना एकाच साइटवर धाडलं आणि ती साइट आडवी झाली. तेव्हापासून बरेच जण हे बंदच ठेवतात. वेबमेन्शन, जे २०१७ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, स्टँडर्ड केलं, हेच काम जरा सुटसुटीत करतं, तपासणी त्यातही आहेच.

माझ्या मते पोस्टखाली दाखवायचं तर पिंगबॅक नाहीतर वेबमेन्शन, तेही अप्रूव्ह करूनच, रेफररची यादी आपली आपल्यापुरती. आणि हो, स्वतःच्याच जुन्या पोस्टची लिंक दिली तरी वर्डप्रेस तुम्हालाच पिंग करतं, ते उडवून टाका, कमेंटांत उगाच गर्दी.