टेपची पिवळी वायर आणि लाल वायर: व्होल्ट सारखे, काम वेगळं

गाडीत नवा टेप म्हणजे स्टिरिओ बसवला, रिव्हर्स कॅमेरा जोडला किंवा अ‍ॅम्प्लिफायरसाठी वायरी ओढल्या आणि त्यानंतर स्टिरिओ ढिम्म हलेना, की बहुतेक लोक टेपच जळाला असं धरून चालतात. वायरिंगला हात लावल्यावर बंद पडलेला टेप बहुधा शाबूत असतो. आधी बघायच्या त्या दोन वायरी, पिवळी आणि लाल.

दोन्हींत बॅटरीचेच बारा व्होल्ट येतात, म्हणून त्या एकच समजल्या जातात. बाजारातल्या बहुतेक टेपांना पिवळी वायर थेट बॅटरीच्या लाइनवर लागते. चावी खिशात असली तरी तिच्यात करंट असतो. लाल वायर अ‍ॅक्सेसरीची. चावी पहिल्या टप्प्यावर फिरवली की तिच्यात करंट येतो, चावी काढली की जातो. काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायची. टेपची खरी ताकद पिवळीतून येते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं. स्पीकर वाजवायला लागणारे अ‍ॅम्पिअर तिचेच, आणि रात्रभर घड्याळ व स्टेशनं लक्षात ठेवायला लागणारे थोडे मिलिअ‍ॅम्पिअरही तिचेच. लाल वायर म्हणजे दारावरची बेल: ती वाजली की घर जागं होतं, पण चूल काही तिच्यावर पेटत नाही.

एवढं लक्षात आलं की डॅशबोर्ड न उघडताही बराच अंदाज बांधता येतो. टेप नीट वाजतो, पण चावी काढली की घड्याळ बाराला जातं आणि स्टेशनं पुसली जातात? मग पिवळी आणि लाल एकमेकींच्या जागी गेल्यात, किंवा दोन्ही एकत्र पिळून अ‍ॅक्सेसरीवर लावल्यात. चावी काढूनही टेप वाजतच राहतो? दोन्ही कायमच्या लाइनवर आहेत, आणि टेप बटणाने बंद करायचा राहिला तर सकाळी बॅटरी उतरलेली मिळेल. पार्किंग लाइट लावल्यावरच टेप सुरू होतो? लाल वायर डिस्प्लेच्या उजेडासाठी असलेल्या लाइनला जोडली गेली आहे. दोन्ही वायरी एकत्र पिळून काम भागवणं मला मुळीच पटत नाही. टेप त्या दिवशी सुरू होतो खरा, पण त्रास मालकाच्या गळ्यात पडतो.

आता सगळ्यात नेहमीची तक्रार: डिस्प्लेही नाही, आवाजही नाही. इथे पिवळी गेली काय किंवा लाल गेली काय, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तरी एक फरक कामाचा आहे. काम करताना चावी काढलेली असते, तेव्हा लाल वायर मेलेली असते. पिवळी जिवंत असते. तिचं उघडं टोक बॉडीला नुसतं टेकलं तरी फ्यूज उडतो. म्हणून वायरिंगच्या कामानंतर पहिला संशय पिवळीच्या फ्यूजवर घ्यावा, आणि म्हणूनच काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून ठेवावं.

फ्यूज दोन ठिकाणी असतात. एक टेपच्या पाठीमागे, बहुधा लाल रंगाचा 10 अ‍ॅम्पिअरचा किंवा निळा 15 चा. दुसरे गाडीच्या फ्यूजबॉक्समध्ये. बऱ्याच गाड्यांत टेपची कायमची लाइन आणि छतावरचा दिवा एकाच फ्यूजवर असतात, तर अ‍ॅक्सेसरीची लाइन आणि चार्जरचं सॉकेट एका फ्यूजवर. टेपबरोबर छतावरचा दिवाही गेला असेल तर पिवळीचा फ्यूज, मोबाइल चार्जर बंद पडला असेल तर लालचा. फ्यूज त्याच अ‍ॅम्पिअरचा घाला. मोठा फ्यूज घातला किंवा चंदेरी कागद गुंडाळला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

फ्यूज शाबूत असतील तर टेप बाहेर काढून मल्टिमीटर लावा. मीटर डीसी 20 व्होल्टवर, काळा प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) बॉडीच्या रंग नसलेल्या धातूवर. चावी बंद असताना पिवळीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसायला हवेत, लालवर शून्य. चावी पहिल्या टप्प्यावर नेली की दोन्हींवर बारा. गाडीच्या बाजूच्या वायरींचे रंग मात्र मानू नका. तिथे प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत कायमची लाइन निळ्यावर पिवळी रेघ असलेली आणि अ‍ॅक्सेसरीची करडी असते. युरोपीय पद्धतीच्या आयएसओ कपलरमध्ये (टेपमागच्या ठरावीक आकाराच्या प्लगमध्ये) चौथी पिन कायमची आणि सातवी अ‍ॅक्सेसरीची, पण फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत या दोन उलट असतात. त्यासाठीच अनेक तयार कपलरांच्या लाल-पिवळ्या वायरींवर अदलाबदल करता येणारे जोड दिलेले असतात. आणि डॅशबोर्डखाली पिवळा कपलर किंवा पिवळं आवरण दिसलं तर तिथे प्रोब अजिबात लावू नका. ती एअरबॅगची लाइन असते.

मीटरवर बारा दिसूनही टेप मेलेलाच असेल, तर जोड बघा. मीटर करंट जवळपास ओढतच नाही, त्यामुळे एका तारेवर लटकणारा जोडही त्याला बारा व्होल्ट दाखवतो. हात पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेले जोड कोकणातल्या दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात. पिवळी आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावून बघा. बल्ब लख्ख पेटला तर लाइन चांगली, मिणमिणला तर जोड कच्चा. मग बल्बची दुसरी वायर टेपच्याच काळ्या वायरीवर लावा. तिथे मिणमिणला तर दोष अर्थचा. अर्थ तुटलेली असताना टेप कधीकधी अँटेनाच्या वायरीभोवतीच्या जाळीतून अर्थ घेऊन चालतो, आणि अँटेनाची पिन काढली की बंद पडतो. ही खूण दिसली तर लाल-पिवळीचा नाद सोडून काळी वायर बॉडीच्या चांगल्या बोल्टला घट्ट बसवा.

निळी-पांढरी वायर टेपकडून बाहेर जाते, अ‍ॅम्प्लिफायरला उठवण्यासाठी. तिच्यावर कॅमेरा किंवा पंखा चालवू नका, तिची ताकद फार थोडी असते.

सगळं जोडल्यावर कंपनीचा मूळ टेप 'कोड' किंवा 'सेफ' असं दाखवत असेल, तर वायरिंग जमलं आहे. पिवळीचा करंट मध्ये तुटल्यामुळे त्याचं चोरीविरोधी कुलूप लागलं. कोड गाडीच्या कागदपत्रांत किंवा डॅशबोर्डच्या ग्लोव्हबॉक्समधल्या कार्डावर शोधा, आणि मनाने आकडे दाबत बसू नका; ठरावीक चुकांनंतर बरेच टेप काही काळ कोड घेणंच बंद करतात.